व्यसनाआधीची वर्षं

‘पोरगं संगतीनं वाया गेलं.’ व्यसनाबद्दल आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं हे कारण मोठं सोयीचं आहे. त्यातून घर अलगद सुटतं.

विज्ञानानंही बराच काळ घराकडे पाहिलं नाही, त्याची नजर पदार्थावर होती. 1960च्या दशकात पिंजऱ्यातल्या उंदराच्या किंवा माकडाच्या शिरेत नळी बसवायची आणि खटका दाबला की मॉर्फीन किंवा कोकेन मिळेल अशी सोय करायची, असे प्रयोग सुरू झाले. प्राणी खटका दाबत सुटले. हवं तेवढं कोकेन मिळालेली काही माकडं तर त्यातच मेली. निष्कर्ष निघाला की पदार्थच असा आहे, जो शिवेल तो अडकेल.

याला पहिला तडा गेला तो व्हिएतनाममध्ये. 1971 साली परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांची लघवी तपासून मगच त्यांना विमानात बसवू लागले. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पुढे या सैनिकांचा माग काढला. जवळपास पाचातला एक जण तिथं असताना अफू-हेरॉइनच्या पुरता आहारी गेलेला होता. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम 5 टक्के पुन्हा अडकले. माणसं तीच होती. युद्ध मागे राहिलं होतं.

त्याच दशकाच्या अखेरीस कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी उंदरांसाठी ऐसपैस घर बांधलं. भिंतींवर रंगवलेलं रान, लपायला डबे, सोबतीला नर-माद्या. एकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फीनचं गोड पाणी भरपूर प्यायले, इथले फारसे प्यायले नाहीत. हा प्रयोग भाषणांतून फार गाजला. पण पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा निकाल दर वेळी तसे आले नाहीत, त्यामुळे जेवढा गाजावाजा झाला तेवढं वजन त्याला पेलत नाही.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते फ्रान्समधल्या बोर्दोचं काम. पियाझा आणि ल मोआल यांनी 1989 साली वेगळाच प्रश्न विचारला. पिंजरा तोच, पदार्थ तोच, मग काही उंदीर लगेच का लागतात आणि काही का नाही? नव्या जागी सोडल्यावर ज्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक जास्त वेळ चढलेलं राहायचं, तेच नशेकडे लवकर वळत होते. मॉन्ट्रियलमध्ये शहाम आणि स्ट्युअर्ट यांनी पुढची कडी जोडली. हेरॉइन बंद झालेला, खटक्याचा नाद सोडून दिलेला उंदीर. त्याच्या पायाखाली विजेचे सौम्य झटके थोडा वेळ दिले, की तो पुन्हा खटका दाबायला लागायचा, दाबून काहीच मिळत नसताना. नशा बंद झाल्यावरची तगमग, गर्दुल्ले जिला ‘टर्की’ म्हणतात, ती केव्हाच ओसरलेली होती.

पण ताण एकाला पेलतो आणि दुसऱ्याला झोपवतो, हे ठरतं कधी? मॉन्ट्रियलमध्येच मायकेल मीनी यांना दिसलं की आईनं जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं मायाळू आईकडे दिली, तर तीही तशीच निघतात.

माणसांत हा धागा सापडला तो आडवाटेनं. सॅन दिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन झपाट्यानं उतरत असलेलेच रुग्ण उपचार सोडून जात, हे त्यांना कोडं होतं. विचारपूस केली तेव्हा अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार निघाले. त्यातून उभ्या राहिलेल्या पाहणीचे निष्कर्ष 1998 साली आले: मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड अशा अनुभवांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना दारू, मादक पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट.

हा आनुवंशिकतेचाच खेळ असेल, ही शंका रास्त आहे. व्हर्जिनियात केनेथ केंडलर यांनी 2000 साली जुळ्या बहिणींची तुलना केली. एकीवर बालपणी लैंगिक अत्याचार झालेला, दुसरीवर नाही, अशा जोड्यांत सोसलेल्या बहिणीलाच व्यसनाचा धोका जास्त होता. तरी हे आकडे समूहाचे आहेत, कुणा एकाची पत्रिका नव्हेत. सोसूनही व्यसनाला न शिवलेली माणसं पुष्कळ आहेत.

आपल्याकडे 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. एकाचं लक्ष मालावर, दुसऱ्याचं माणसावर. बातम्यांत आजही पहिलंच गाजतं: किती किलो पकडलं, किती कोटींचं. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या 2019च्या देशव्यापी पाहणीत मात्र एक गोष्ट नोंदली आहे. हुंगायची नशा हा एकच प्रकार असा, की ज्यात 10 ते 17 वयाच्या मुलांचं प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त आहे. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर. हा माल कुठल्या छाप्यात सापडत नाही, तो कोपऱ्यावरच्या दुकानात उघड विकत मिळतो.