तीस दिवसांची मुदत

बाबांच्या आजारपणातला अल्बम मी आयफोनवरून काढून टाकला. अल्बम गेला, फोटो मात्र लायब्ररीत तसेच राहिले. अल्बम ही नुसती मांडणी असते. मग एकेक फोटो डिलीट केला. तेही लगेच जात नाहीत. ३० दिवस वेगळ्या कप्प्यात राहतात, नंतर आपोआप पुसले जातात.

नळ्या लावलेले, दाढीचे खुंट वाढलेले बाबा. एरवी दाढी केल्याशिवाय ते दारातही जात नसत. फोटो काढताना मी त्यांना विचारलं नव्हतं. आठवण माझी, पण चेहरा त्यांचा. मग ठेवायचा हक्क कुणाचा?

रोज तो कप्पा उघडून बघते. काहीच केलं नाही तरी निर्णय होईल, पण तो फोनने घेतला असं म्हणणं ही पळवाट ठरेल. म्हणून मुदतीची वाट न बघता आज मीच ते फोटो कायमचे पुसले.