बोलावणे आणि कळवणे

आषाढातील वद्य पक्षात एका दुपारी तेरवीच्या जेवणाला वेळेवर पोहोचण्याच्या घाईत मी असताना सक्करदऱ्याच्या चौकाजवळ आमची रिक्षा ढोलताशांच्या गर्दीत अशी काही रुतली की, पंगत चुकणार ह्या धास्तीने माझा संयम सुटला, आणि चातुर्मासात मुहूर्त नसताना ही वरात काढली कोणी, असे मी चढ्या स्वरात विचारले. रिक्षावाला मागे न वळता म्हणाला, ‘वरात नाही काका, बाबाचा संदल आहे. आता लगनच म्हणा ना.’ पुढे पाहिले तो हिरव्या चादरीची चारी टोके चौघांनी ताणून धरली होती, नाण्यांच्या भाराने तिला मध्यभागी झोळ पडला होता, आणि दुकानाच्या पायरीवरून उतरलेली एक लुगड्यातली म्हातारी आपले नाणे घरंगळत त्या ढिगाला मिळेपर्यंत हात जोडून उभी होती.

ताजुद्दीनबाबांचे चरित्र नागपूरकरांना सांगण्याचे प्रयोजन नाही. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळात रवानगी झालेल्या ह्या फकिराला १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी जामीन राहून सोडवले व सक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले, आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेल्यावर उमरेड रस्त्यावर त्यांची कबर झाली, ती ताजबाग आज सर्वश्रुत आहे. मला चपापल्यासारखे झाले ते रिक्षावाल्याच्या ‘लगन’ ह्या शब्दामुळे. संदल म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीच्या उरुसातली मिरवणूक. ‘उरूस’ हा मूळचा अरबी शब्द, आणि त्याचा अर्थच लग्न. अवलियाचे मरण म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, ह्या समजुतीने १२७३ साली निवर्तलेल्या मौलाना रूमींच्या स्मृतिदिनासही कोन्या शहरात विवाहरात्रच म्हणतात. आणि येथे तर हे लग्न मोहरमात लागते, ज्या शोकाच्या महिन्यात पुष्कळ मुसलमान घरांत निकाह लावीत नाहीत!

आमच्या विदर्भात वडीलधारी माणसे सांगत आली आहेत की, लग्नाला नाही गेले तरी चालते, मयतीला गेलेच पाहिजे. ह्याचे कारण मी फार दिवसांपासून एका भेदात शोधीत आलो आहे. लग्नाचे बोलावणे असते, मरणाचे कळवणे असते. लहानपणी टपालातून आलेल्या दोन कागदांत हा भेद डोळ्यांनी दिसे: एकाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले, दुसऱ्याचा कोपराच फाडलेला, पहिला देवापुढे ठेवायचा, दुसरा वाचताक्षणी फाडून टाकायचा. बोलावण्यात यादी आली, यादीत गाळणे आले, आणि गाळण्यात मानापमान आला. कळवण्याला यादी नसते. ज्याच्या कानी पडले तो हजर झाला, मग तो भाऊबंद असो की कोपऱ्यावरचा न्हावी. तेव्हा ज्या समाजाने आपला कणा लग्नमंडपाऐवजी स्मशानाच्या वाटेवर उभारला तो शहाणाच, असे म्हणण्याच्या तयारीने मी हा लेख लिहावयास बसलो होतो.

माझ्या एका सुधारक स्नेह्यांना हे साफ नामंजूर आहे. त्यांचे म्हणणे असे की, मढ्याभोवती नाती बांधणाऱ्या समाजाला शेवटी लग्नही मढ्याच्याच नावाने लावावे लागते, आणि मरणावर शेला पांघरणे ही दुःखाची फसवणूक आहे. तेरवीच्या पंगतींनी किती घरे कर्जात बुडाली हे ते ऐकवतात, ते मला बिनशर्त मान्य आहे. परंतु फसवणुकीचा आरोप टिकत नाही. मयतीच्या दिवशी कोणी उरूस भरवीत नाही; त्याला वर्ष उलटावे लागते. शिवाय ही केवळ फकिरांची भाषा असती तर गोष्ट निराळी. आम्ही मराठी माणसेदेखील ‘विवाहसोहळा’ म्हणतो आणि ‘समाधीसोहळा’ही म्हणतो. आळंदी पाहावी. १२९६ साली एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या अविवाहित ज्ञानेश्वरांच्या त्या गावात मंगल कार्यालयांची दाटी आहे, आणि घरच्यांनी नाकारलेली जोडपी अक्षतांसाठी तेथेच धाव घेतात. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाच्या मुलांना ज्या गावाने वाळीत टाकले, त्याच गावाने पळून आलेल्यांची लग्ने लावावीत, ह्यात काळाने उगवलेला सूड आहे की प्रायश्चित्त, ह्याचा निकाल मला कधी देता आला नाही; पण हे विषयांतर झाले.

स्नेह्यांना उत्तर देता देता माझाच भेद मला पोकळ वाटू लागला. त्या दिवशी तेरवीला मी एवढा का धावत होतो? यजमानाच्या मुलीच्या लग्नाला, पत्रिका येऊनही, मी गेलो नव्हतो. निदान तेरवीला तरी गैरहजेरी लागू नये, एवढाच माझा हिशेब होता. कोण आले, कोण नुसते नाक्यापर्यंत येऊन परतले, ह्याची नोंद मयतीतही ठेवली जाते. दफ्तर लेखी नसते, इतकेच. म्हणजे कळवण्यातही तगादा असतोच. त्या चादरीत मात्र नाणे टाकणाऱ्या म्हातारीला ना कोणी बोलावले होते, ना कोणी कळवले होते, आणि ती आली नसती तर कोणी विचारणारही नव्हते. बिनयादीचे असे लग्न आमच्या वस्तीत एवढे एकच उरले आहे, आणि स्मशानाच्या वाटेला मी दिलेले मोठेपण आता मी त्यालाच देतो.

पंगत चुकलीच. यजमानाने दारात पहिला प्रश्न केला तो उशीर का झाला हाच. मी म्हणालो, लग्नात अडकलो होतो.