मंडपाच्या दाराशी

बाबूराव पेंटरांचं नाव आज सिनेमामुळे घेतलं जातं, पण कोल्हापुरात त्यांची पहिली ओळख होती ती पडद्यांमुळे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री ही जोडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि बाबूराव आपल्याच चित्रपटांची पोस्टरं रंगवू लागले. हात तोच आणि ब्रशही तोच, पण काम अगदी वेगळं. पडदा असतो तिकीट काढून आत बसलेल्यासाठी. तो रात्रभर समोर बसणार, त्यामुळे खांबांची नक्षी आणि बागेतली कारंजी निवांत पाहायला त्याला वेळ आहे. पोस्टर मात्र ज्यानं तिकीट काढलेलं नाही, कदाचित काढणारही नाही, त्याच्यासाठी असतं. तो बाजाराला निघालेला असतो आणि त्याची मान क्षणभर वळली तर वळली.

राजकीय पक्षांची मोठी अधिवेशनं आणि त्यांच्यासाठी राबलेले कलावंत यांच्याकडे पाहताना हा फरक जवळ ठेवला, तर बरंच काही उलगडतं. अधिवेशनालाही दोन बाजू असतात. एक व्यासपीठाची: भाषणं, ठराव, दुरुस्त्या, टाळ्या. ती प्रतिनिधींसाठी. दुसरी दाराची: कमानी, चित्रं, मिरवणूक, गाणी. ती प्रतिनिधी नसलेल्यांसाठी. इतिहास लिहिणारे बहुतेक पहिल्या बाजूला बसतात, कारण कागद तिथे मिळतात. कलावंत दुसऱ्या बाजूला असतो, आणि या सभेत कोण आहे, कोण नाही, हे त्याला दारातून जास्त स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे या दाराचा पहिला मोठा उपयोग कुणा नावाजलेल्या चित्रकारानं केला नाही. 1889 साली मुंबईत काँग्रेसचं पाचवं अधिवेशन भरलं. विल्यम वेडरबर्न अध्यक्ष होते, आणि प्रतिनिधीही नेमके 1,889 जमले. वकील, संपादक, व्यापारी, जमीनदार अशी ती मंडळी. या अधिवेशनाच्या मंडपाच्या दाराशी जोतिराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी शेतकऱ्याचा एक भला मोठा पुतळा उभा केला. म्हणणं उघड होतं: सगळ्या देशाच्या नावानं सभा भरवता, तर देशातला बहुसंख्य माणूस आत कुठे आहे? हेच जोतिराव लेखांतून, भाषणांतून वर्षानुवर्षं सांगत होतेच. पण लेख न वाचता बाजूला ठेवता येतो. दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वळसा घालून जावं लागतं.

कलेच्या इतिहासात या पुतळ्याला जागा नाही. तो कुणी घडवला, त्याचं पुढे काय झालं, याची चौकशी करावी असं कुणाला वाटलं नाही. माझ्या मते मात्र पुढच्या साठ वर्षांत अधिवेशनांच्या आसपास जे जे काही घडवलं गेलं, त्याची मापं या पुतळ्याला लावून घ्यावीत.

सत्तेचाळीस वर्षांनी, डिसेंबर 1936 मध्ये, काँग्रेस खानदेशात फैजपूरला आली. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह, धनाजी नाना चौधरी आणि इतरांची धावपळ, गावोगाव हिंडून निधी आणि स्वयंसेवक गोळा करणारे साने गुरुजी. नगर उभं राहिलं त्याला टिळकनगर नाव दिलं. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. मी चित्रकार, बांधकाम मला काय ठाऊक, अशी नंदलालांची अडचण. पण गांधीजींना कसबी बांधकामवाला नको होता. त्यांची अट दुसरीच होती: जे उभारायचं ते गावात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गावच्या कारागिरांच्या हातून.

अट साधी वाटते, पण चित्रकाराच्या हातातलं निम्मं सामान तिनं काढून घेतलं. मखमल नाही, शहरातून आणलेल्या कापडी झालरी नाहीत, पुठ्ठ्याचे खांब नाहीत. राहिला बांबू, चटया, गवत, दोरखंड आणि गावातलीच मडकी-टोपल्या. बांबू खोटा दिसू शकत नाही. त्याला संगमरवर व्हायला सांगितलं तर तो हास्यास्पद होतो. बांबूच राहू दिला तर त्याच्या सांध्यांची, आवळलेल्या दोरीची, एकसारख्या पेरांची आपसूक नक्षी होते. नंदलालांनी तो बांबूच राहू दिला. 25 डिसेंबरला प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी सगळं श्रेय नंदलाल आणि वास्तुविशारद म्हात्रे यांना दिलं. कलेची जाण देवानं मला दिली, ती आकाराला आणणारे हात दिले नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले.

आता त्या दारातून येणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. शहरातल्या अधिवेशनाची कमान त्याला सांगायची की आत थोरामोठ्यांचं काम चाललंय, जरा दबून ये. इथली कमान त्याच्या गोठ्याच्या सामानाची होती. गाठ कशी मारलीय हे त्याला कळत होतं, कदाचित चुकलीय हेही कळत असेल. ज्या वस्तूतली चूक आपल्याला दाखवता येते, तिच्यापुढे आपण दबत नाही. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूकही बैलांच्या सहा जोड्या जुंपलेल्या रथातून निघाली. लाखाच्या घरात माणसं लोटली.

आणि याच फैजपुरात दुसरीही एक गोष्ट घडली. अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशनही तिथेच होतं, प्रा. एन. जी. रंगा त्याचे अध्यक्ष. त्यासाठी शेकडो शेतकरी मनमाडहून पायी चालत आले. काँग्रेसनं त्या अधिवेशनात शेतसारा, खंड आणि कर्ज यांबद्दलचा कार्यक्रम मंजूर केला. त्यामागे या चालत आलेल्या पायांचा रेटा होता, बांबूच्या कमानींचा नव्हे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. कमान माणसाला आत यायला संकोच वाटू देत नाही. आत आल्यावर काय मागायचं ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झालं आणि नंदलालांनी तिथे जी चित्रं केली ती आज जगप्रसिद्ध आहेत. हातकागदावर, मातीच्या रंगांत, जाड झपाट्याच्या रेषांनी केलेली. त्यांच्या एकट्याच्या हातची ऐंशीच्या वर, आणि विद्यार्थ्यांनी काढलेल्या नकला धरल्या तर काही शे. आधी आसपासच्या खेड्यांत फिरून त्यांनी रेखाटनं केली. मग चित्रांत आले पिंजारी, शिंपी, सुतार, ढोल वाजवणारा, सारंगीवाला, बैलाला आवरणारा गडी, दळणारी बाई. एकही पुढारी नाही. बऱ्याच चित्रांत माणूस महिरपीच्या चौकटीत बसवलाय, म्हणजे देवळात ज्या कोनाड्यात देव असतो तिथे पिंजारी धनुकली घेऊन बसलाय. पिंजाऱ्याच्या पाठीचा बाक आणि धनुकलीचा बाक एकाच ओघात उतरलेला दिसतो. घाईचं काम आहे, रंग कुठे कुठे रेषेबाहेर गेलाय, पण मान क्षणभर वळवण्यापुरती जी ताकद पोस्टरात लागते ती पुरेपूर आहे.

1889 ला शेतकरी दाराच्या विरोधात उभा होता, 1938 ला तो दारावर आला, तेही यजमानांच्या बोलावण्यावरून. हा पल्ला लहान नाही. पण जोतिरावांचं माप लावलं की एक गोष्ट खटकते. त्या चित्रांतलं खेडं फार सुरेख आहे. तिथे सावकार नाही, कर्जाचा कागद नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही. जो तो आपापल्या कामात रमलेला. 1936 च्याच मे महिन्यात डॉ. आंबेडकरांचं जातिसंहारावरचं न झालेलं भाषण छापून निघालं होतं. त्यात दिसणाऱ्या समाजाचा या कमानींवर मागमूस नाही. नंदलालांना दोष देण्यात अर्थ नाही. यजमानाच्या दारावर रंगवणारा यजमानाशी भांडण रंगवत नाही. तेवढ्यासाठी दार आपलं असावं लागतं.

आपलं दार म्हणजे काय, हे बघायला कोल्हापूर सोडून लांब जायला नको. 21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं भर सभेत सांगणारे शाहू महाराज. त्याच वर्षी नागपूरच्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचं अध्यक्षपदही महाराजांनी घेतलं. या परिषदांना नंदलाल लाभले नाहीत. पण इतर मंडपांत जे दाराबाहेर असायचे तेच इथे आत होते, त्यामुळे कलेचं कामही बदललं. बाहेरच्याला आत बोलवायचं नव्हतं. आत ठरलेलं गावोगाव पोचवायचं होतं. ते काम चित्रानं नाही, जलशानं केलं. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला, गण-गवळणीत आपला मजकूर भरला आणि ढोलकी-तुणतुण्यावर सावकारी, भटशाही, शिक्षण हे विषय घराघरांत नेले. आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे धरली. मे 1943 मध्ये मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या दिवसांतच इप्टा या नाट्यसंघटनेची स्थापना झाली आणि लगोलग अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते याच परंपरेतलं. जलशात दार आणि व्यासपीठ असा भेद राहत नाही, कारण मंडपच नसतो.

आता हरिपुऱ्याचा तो भाग, जो चित्रांच्या कौतुकात मागे पडतो. तिथेच काँग्रेसनं ठरवलं की संस्थानी प्रजेचा लढा काँग्रेसच्या नावानं चालवायचा नाही. संस्थानांतल्या लोकांनी आपापल्या संघटना उभाराव्यात. म्हणजे ज्या मंडपाच्या दारावर पिंजाऱ्याला आणि सुताराला मानाची जागा मिळाली, त्याच मंडपात कोल्हापूरच्या पिंजाऱ्याला आणि सुताराला, ते संस्थानचे रहिवासी म्हणून, दुसरं दार शोधायला सांगितलं गेलं. 1939 मध्ये कोल्हापुरात प्रजापरिषद निघाली. रत्नाप्पा कुंभार होते, आणि होते भाई माधवराव बागल. हे माधवराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. सत्यशोधक खंडेराव बागलांचे चिरंजीव, कोल्हापूरच्या कलावंतांवर आत्मीयतेनं लिहिणारे. देशभरच्या पुढाऱ्यांना दार सजवायला चित्रकार शोधावा लागत होता. इथे चित्रकारालाच व्यासपीठ चालवावं लागलं. त्यात त्यांच्या चित्रकलेचं नुकसान झालं, असं मला वाटतं. तुरुंग, सभा, मोर्चे यांतून निवांत कॅनव्हासपुढे बसायला किती वेळ उरणार?

तरी त्यांच्यातला दृश्य जाणणारा माणूस गेला नव्हता. 9 डिसेंबर 1950 ला बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले, ते माधवरावांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुतळे एखाद्या सभागृहात ठेवता आले असते. बसवले मात्र भर चौकात, जिथे भाजीवाली, टांगेवाला, शाळेची पोरं सगळी जाणार आणि जिथे कोल्हापूरच्या राजकीय सभा भरणार. आजही बिंदू चौकात कुठल्याही पक्षाची सभा लागली की या दोघांच्या नजरेखालीच लागते. वक्त्याला ते आवडो न आवडो.

त्याच चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर हल्ली मेळाव्याच्या आधी फ्लेक्स लागतात. पेंटरची अक्षरं गेली याची हळहळ करणाऱ्यांतला मी नाही. फ्लेक्स स्वस्त पडतो, पावसात टिकतो. माझी तक्रार त्यावर काय छापतात याची आहे. वर थोर पुरुषांची रांग, मध्ये साहेब, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. रस्त्याच्या बाजूनं व्यासपीठच टांगलेलं. शेतकरी असलाच तर एका कोपऱ्यात हसरा, कॉम्प्युटरवरून उचललेला. त्याचा फेटा शिरोळ-राधानगरीकडे कुणी बांधत नाही असा, आणि हातात उसाऐवजी गव्हाची लोंबी. हरिपुऱ्याला नंदलाल आधी गावांतून हिंडले होते. इथे शिरोळ तासाभराच्या अंतरावर आहे.