एका वेळी एकच बदल

रसेल मार्केटमध्ये भाजीच्या गाड्या लागून बाहेरची गर्दी वाढायच्या आधी बंगळूरच्या शिवाजीनगरात थोडा निवांत वेळ मिळतो. तो आज लॅपटॉपला द्या. यूएसबी हबला जे जे जोडलंय ते तसंच राहू द्या: माउस, कीबोर्ड, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क. फक्त डिस्कवर घरचे फोटो असतील तर त्यांची एक प्रत आधी दुसरीकडे घेऊन ठेवा. मधेच गायब होणाऱ्या डिस्कवर विसंबून राहू नये.

आता बसा. तो ओळखीचा आवाज येईल, डिस्क नाहीशी होईल, क्षणभराने परत दिसेल. हात हबकडे धावेल. त्याला थांबवा. काढून परत लावलं की बहुतेकदा चालू होतं, पण त्यासरशी बिघाडाचा मागही पुसला जातो. म्हणून तर तोच त्रास पुन्हा पुन्हा येतो.

स्वतःला सावकाश विचारा: हे नेमकं कधी होतं? मोठी फाइल कॉपी करताना? लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर? की केबल हलली की? आठवेपर्यंत थांबा. घाईने दिलेलं उत्तर बहुधा आपल्या अंदाजाचं असतं, पाहिलेलं नसतं.

कॉपी करताना होत असेल, तर विजेचा विचार करा. ज्या हबला स्वतःचा अ‍ॅडाप्टर नाही, तो लॅपटॉपच्या एका पोर्टवर जगतो. मानकाप्रमाणे यूएसबी २.० च्या पोर्टने पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायचे, ३.० च्या पोर्टने ९००. तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते. त्यात केबल लांब आणि आतली तार बारीक असली, तर व्होल्टेज वाटेतच उतरतं. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं. डिस्क बंद पडते आणि आळ हबवर येतो. कितीतरी चांगले हब असेच कचऱ्यात गेले असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डिस्क रीतसर इजेक्ट करा आणि थेट लॅपटॉपला लावा. बाकी काही हलवू नका. तीच फाइल पुन्हा कॉपी करा आणि बघत राहा. इथेही डिस्क नाहीशी झाली, तर हबला तूर्त सोडा, केबल बदलून बघा. व्यवस्थित चालली, तर अ‍ॅडाप्टरवाला हब घेण्याला अर्थ आहे.

शिवाजीनगरातल्या गुजरी बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकले जातात, आणि गाडी असो की मोबाइल, दुरुस्तीचा एक जुना मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो: चालतोय अशी खात्री असलेला भाग लावून बघायचा. घरात अशी एक खात्रीची केबल बाजूला ठेवा. महागड्या हबपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

त्रास स्लीपनंतर होत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी असते. तिथली टिक काढा. आणि फक्त माउस अडखळत असेल, तर त्याचा डोंगल ३.० च्या पोर्टपासून आणि डिस्कपासून लांब न्या. त्यांचा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पोचतो आणि बिनतारी माउस तिथेच बोलतो.

केबल हलली की होत असेल, तर लॅपटॉप बंद करून पोर्टमध्ये टॉर्च धरा. टाइप-सीच्या त्या अरुंद फटीत, मधल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना, बॅगेतला तंतूंचा मऊ थर दाबून बसलेला दिसेल. प्लग आत गेल्यासारखा वाटतो, पण पूर्ण बसत नाही. लाकडी टूथपिकने कडेकडेने, जोर न लावता तो थर सोडवा.

आता प्लग पुन्हा लावताना त्या क्षणी आत काय घडतं ते मनात आणा. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तिच्यामागच्या इंटेलमधल्या मंडळींपैकी एक अजय भट्ट, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या रचनेत नवं उपकरण आधी शून्य क्रमांकावर असतं. ते आल्याचं हब वर कळवतो, आणि मग लॅपटॉप त्याला विचारतो, तू कोण? उत्तर नीट आलं की त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो, १ ते १२७ मधला एक. ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ हा संदेश येतो, तेव्हा बहुधा विचारणा झालेली असते आणि उत्तर अर्धवट पोचलेलं असतं किंवा पोचलेलंच नसतं. म्हणून तो संदेश बंद करण्याआधी वाचा, आणि कोणता पोर्ट, कोणती केबल, त्या वेळी काय चाललं होतं, हे चिठ्ठीवर लिहा. मग हबवर आधी फक्त डिस्क लावा आणि सगळ्यांत मोठी फाइल कॉपीला टाका. ती पूर्ण उतरेपर्यंत माउससुद्धा जोडू नका.