चवीचा खरेपणा

'खरे' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. सोने खरे असते, साक्ष खरी असते, मैत्री खरी असते आणि मिसळही खरी असते. यांतल्या पहिल्या तिन्हींची कसोटी साधारणपणे सांगता येते. सोन्याला कसोटीचा दगड आहे, साक्षीला घडलेली गोष्ट आहे, मैत्रीला संकटाचा दिवस आहे. मिसळीच्या बाबतीत मात्र प्रत्येकजण आपली जीभच पुढे करतो. ती जीभ लहानपणी कोणत्या गावच्या कढईपाशी घडली, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कसोटीचा दगडच ज्याचा त्याचा निराळा असेल, तर लागलेला कस सोन्याचा की दगडाचा, ही शंका उरतेच.

शंका क्षुल्लक आहे असे वरवर पाहता वाटेल. मी निगडीत राहतो, आणि येथे राहिल्यावर ती तितकीशी क्षुल्लक वाटत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे हे एक लहान गाव होते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढल्या दोन दशकांत आसपासच्या माळांवर कारखाने उभे राहिले, आणि १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. शेतांच्या जागी सेक्टर पडले. ते प्राधिकरण २०२१ मध्ये विलीन होऊन गेले, तरी लोक अजून 'प्राधिकरणात राहतो' असेच सांगतात. सेक्टरला क्रमांक असतो, चव नसते. चव माणसांनी आपापल्या गाठोड्यातून आणली: कोल्हापूर-सांगलीकडून, नाशिकहून, खानदेशातून, सोलापूर-मराठवाड्यातून, वऱ्हाड-नागपुराहून. त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या चौघांपैकी एक जण 'कट आणा' म्हणतो, दुसरा 'तर्री' मागतो, तिसरा 'सॅम्पल' मागतो, चौथा नुसताच 'रस्सा' म्हणून मोकळा होतो. पोऱ्या चौघांनाही एकाच पातेल्यातून वाढतो.

शब्दांवर भागले असते तर काही बिघडत नव्हते. परंतु कोल्हापूरकराला कांदा-लसूण मसाल्याचा तो झणका आणि सोबत ब्रेडचे स्लाइस हवे असतात. पुण्याच्या पेठांतून आलेल्याला खाली पोहे, बटाट्याची भाजी आणि किंचित गोडसरपणा लागतो. नाशिककराला काळा मसाला आणि वर पापड नसेल तर जेवणच अपुरे वाटते. आणि प्रत्येकाच्या मते इतरांची मिसळ ही मिसळ नसून काहीतरी दुसरेच आहे. 'मला आवडत नाही' असे कोणी म्हणत नाही. 'ही मिसळच नव्हे' असे म्हणतात. आवडीचा प्रश्न अशा रीतीने सत्याचा प्रश्न होऊन बसतो, आणि माझे लक्ष वेधून घेतले ते या बदलानेच.

आमच्या शेजारी एक निवृत्त कामगार राहतात. कोल्हापूरकडचे. उभे आयुष्य इकडच्या कारखान्यांत गेले, पण निगडीतल्या कोणत्याही हॉटेलात त्यांनी पहिला घास घेतला की ते ताट जरा दूर सारून म्हणतात, "ह्याला मिसळ म्हणायची व्हय?" आणि मग संपूर्ण ताट संपवतात. त्यांचा नातू येथलाच. त्याच्या लेखी वाढदिवस म्हणजे पिझ्झा, आणि पिझ्झा म्हणजे वर पनीरचे तुकडे, सिमला मिरची, मक्याचे दाणे आणि या सर्वांना झाकून टाकणारा चीजचा जाड थर. एकदा त्याच्या मामाने त्याला लाकडाच्या भट्टीतला, इटालियन पद्धतीचा म्हणवणारा पिझ्झा खाऊ घातला. कड फुगलेली, तिच्यावर करपल्याचे काळे ठिपके, मधला भाग मऊ आणि ओलसर, चीजचे चार पांढरे तुकडे आणि तुळशीच्या जातीची दोन पाने. पोराने घरी येऊन आजोबांना अहवाल दिला, "आजोबा, त्यांना पिझ्झा येतच नाही." आजोबा पोट धरधरून हसले. आपणही हेच करीत आलो आहोत हे त्यांना जाणवले की नाही, मला ठाऊक नाही. मला मात्र त्या दोन निकालांत काडीचाही फरक दिसला नाही. नातवाच्या अज्ञानाला आपण हसतो आणि आजोबांच्या रसिकतेला मान डोलावतो, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल की नातवाचे चूक आहे हे सिद्ध करता येते, कारण पिझ्झाचे मूळ नेपल्स शहरात आहे. ठीक, मुळाची कसोटी लावून पाहू. पिझ्झावरचा टोमॅटो इटलीचा नव्हे. तो अमेरिका खंडातून युरोपात गेला. आमच्या मिसळीचा जीव जी मिरची, तीही त्याच खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती या किनाऱ्यावर उतरली. बटाटाही तिकडचाच, आणि 'बटाटा' व 'पाव' हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. पातेल्यात अस्सल येथली म्हणावी अशी उरते ती बहुतांशी मटकी. मूळ शोधीत गेल्यास कोल्हापूर, पुणे, नाशिक आणि नेपल्स या चारही ठिकाणच्या अभिमानी माणसांना एकाच परक्या बंदरावर जाऊन उभे राहावे लागते.

इटलीचे तरी या बाबतीत एकमत होते काय? मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ साली नेपल्सच्या गरिबांच्या जीवनावर जे पुस्तक लिहिले, त्यात एक हकिगत आहे. नेपल्सच्या एका धंदेवाइकाने रोममध्ये पिझ्झाचे दुकान थाटले. आरंभी नवलाईने गर्दी झाली, मग ती ओसरली आणि दुकान बसले. रोम म्हणजे काही परदेश नव्हे. पुढे दोनच वर्षांनी, 'पिनोकिओ'चा कर्ता कोल्लोदी, जो फ्लॉरेन्सचा, त्याने पिझ्झाचे वर्णन असे केले की वाचणाऱ्याला तो पदार्थ मळकट आणि किळसवाणा वाटावा. आज ज्याला सारे जग 'खरे इटालियन' म्हणते त्याला त्या वेळचे कित्येक इटालियन आपले म्हणावयास तयार नव्हते. आता रोमकरांना पातळ, कुरकुरीत पिझ्झा खरा वाटतो आणि नेपल्सकरांना मऊ. जे लोक समुद्र ओलांडून गेले त्यांच्या नातवंडांत आणखी फाटे फुटले. पातळ, दुमडून खाण्याचा तुकडा न्यूयॉर्ककराला प्रमाण. शिकागोच्या माणसाला १९४३ पासून तेथे रुजलेला, खोल थाळीतला जाडजूड पिझ्झा प्रमाण. आमच्या शेजारच्या पोराचा पनीरवाला पिझ्झा हा याच वंशवृक्षाचा एक दूरचा, पण औरस फाटा आहे.

मूळ हाती लागत नाही म्हणून माणसे नियमांकडे वळतात. नेपल्समध्ये १९८४ साली एक संस्था निघाली. तिच्या नावातच 'खरा' या अर्थाचा शब्द आहे. पुढे २०१० साली युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. व्यास ३५ सेंटिमीटरहून अधिक नसावा, लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंद भाजावा, असे त्यात काटेकोर लिहिले आहे. याची थट्टा करण्याचा मोह होतो, पण मी ती करणार नाही. नाव हे एक वचन असते. जो माणूस एखाद्या नावावर पैसे घेतो, त्याने त्या नावाने जे समजले जाते ते द्यावे, ही मागणी रास्त आहे. दुधाच्या चीजऐवजी वनस्पती तेलाचा गोळा किसून घालायचा आणि गिऱ्हाइकाला 'चीज' म्हणून सांगायचे, हा खोटेपणा आहे. तेथे चवीचा वाद नाही, वचनाचा भंग आहे. पाटीवर 'कोल्हापुरी' लिहून नुसत्या लाल रंगाचे पाणी वाढणाराही याच वर्गातला. या अर्थाने पदार्थ खोटा असू शकतो, आणि त्याला खोटा म्हटलेच पाहिजे.

परंतु आमच्या शेजाऱ्यांची तक्रार ही नव्हे. ज्या हॉटेलच्या पाटीवर कोणत्याही गावाचे नाव नाही, ज्याने कसलेही वचन दिलेले नाही, तेथेही ते 'ही खरी नव्हे' असेच म्हणतात. तेव्हा त्यांच्या 'खऱ्या'चा अर्थ कुठेतरी दुसरीकडे शोधावा लागेल.

मला वाटते तो अंतरात आहे. कोल्हापुरात बसलेला माणूस 'कोल्हापुरी मिसळ' मागत नाही. तो 'मिसळ' मागतो. गावाचे विशेषण मिसळीला लागते ते वाटेत, एस.टी.च्या प्रवासात, आणि 'खरी' हे विशेषण तर त्याहूनही पुढे, परगावी बिऱ्हाड केल्यावर. माणूस जोवर घरी असतो तोवर त्याला खरेपणाची आठवण होत नाही. 'खरी मिसळ' म्हणताना शेजारी जे सांगत असतात ते असे असावे: मी एका ठिकाणाहून आलो, तेथे मला पहिल्यांदा पोटभर खायला मिळाले, ते ठिकाण आता माझ्यापाशी नाही. हे सारे बोलून दाखवणे पुरुषमाणसाला, त्यातून कारखान्यात आयुष्य काढलेल्याला, जड जाते. मिसळीला नावे ठेवणे त्यामानाने सोपे. त्यांच्या त्या वाक्यात मला म्हणूनच अहंकारापेक्षा कृतज्ञता अधिक ऐकू येते. या कृतज्ञतेचा मान राखला पाहिजे. मात्र कृतज्ञता म्हणजे पुरावा नव्हे. माझी आई मला जगातील सर्वांत चांगली बाई वाटते, हे माझ्याविषयीचे सत्य आहे. इतरांच्या आयांविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

एवढ्यावर हा विषय मिटता, तर त्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. पण जिभेने शिकलेली सवय जिभेपुरती राहत नाही. आमच्या भागात नव्या माणसाची ओळख झाली की तिसरा-चौथा प्रश्न असतो, 'मूळचे कुठले?' प्रश्न बहुधा आपुलकीचाच असतो. तथापि त्याच्यामागे मिसळीचेच तर्कशास्त्र उभे असते: मूळ कळले की माणूस खरा की भेसळीचा हे कळले. ज्यांच्या शेतांवर हे सेक्टर उठले ते गावठाणातले लोक स्वतःला खरे निगडीकर समजतात, आणि ते म्हणण्याचा हक्क त्यांच्याइतका कोणालाच नाही. त्यांच्या लेखी कोल्हापूरकर आजोबा पन्नास वर्षांनंतरही बाहेरचेच. आजोबांच्या लेखी काल बिहार-ओडिशाहून आलेला मजूर बाहेरचा. जो तो आपल्यानंतर आलेल्याकडे बोट दाखवतो. आणि मौज अशी की, हमरस्त्यावरच्या ज्या हॉटेलात बसून हा खरेपणाचा निवाडा होतो, त्याच्या भटारखान्यात कट उकळत ठेवणारा हात पुष्कळदा अशाच कोणा दूरच्या मुलाचा असतो. त्याने लहानपणी मिसळ पाहिलेली नसते. तो ती शिकलेला असतो.

येथे मला युनेस्कोचा एक निर्णय आठवतो. २०१७ साली त्या संस्थेने नेपल्सचा वारसा आपल्या यादीत नोंदवला, पण नोंद पिझ्झाची केली नाही. पिझ्झा करणाऱ्याच्या कलेची केली. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. पदार्थाचे खरेपण मुळात शोधले तर ते मातीला आणि जन्माला चिकटते, आणि मग जो त्या मातीत जन्मला नाही त्याला ते कधीच मिळायचे नाही. तेच कसबात शोधले तर ते शिकता येते, शिकवता येते, आणि ज्याने मन लावून शिकून घेतले त्याच्या हाती ते येते. तेल सुटेपर्यंत मसाला परतण्याचा धीर कोल्हापुरात जन्मल्याने मिळत नाही, आणि बिहारात जन्मल्याने हरवत नाही. त्या मुलाने तो धीर धरला असेल तर त्याची मिसळ खरी आहे. आजोबांच्या जिभेने तसे कबूल केले नाही तरीही ती खरी आहे.

वस्तूंच्या बाबतीत हे आम्हां लोकांना मुळीच अवघड गेले नाही. इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाजने १९६० पासून व्हेस्पा स्कूटर बनवली. १९७१ साली परवाना संपला, त्यानंतर तिच्याच वळणाची 'चेतक' आली, आणि शेजारच्या आकुर्डीच्या कारखान्यातून घरोघर गेली. तिच्यावर नवरा-बायको आणि दोन पोरे बसून चिंचवडच्या मोरया गोसावीला जाऊन आली. ही मूळची कुठली, हे तिला कोणी विचारले नाही. रोज सकाळी लाथ मारली की ती सुरू होई, एवढे तिचे खरेपण पुरेसे होते. लोखंडाला जी सवलत आपण आनंदाने दिली ती माणसाला देताना हात का आखडतो, हे मला कळत नाही.

आपल्या चवीचा अभिमान सोडावा असे मी म्हणत नाही. ज्याला कोणत्याच गावची चव नाही, त्याला दुसऱ्याच्या गावाची ओढ कशी कळणार? शेजाऱ्यांनी खुशाल ताट दूर सारावे. ते पुन्हा जवळ ओढतात, यातच सारे आले. एवढेच वाटते की 'ही मिसळच नव्हे' आणि 'ही माझ्या गावची नव्हे' या दोन वाक्यांमधले अंतर त्यांनी ओळखावे. पहिल्या वाक्याने समोरचा बाद होतो. दुसऱ्याने तो विचारतो, "मग तुमच्या गावी कशी करतात?", आणि बोलणे सुरू होते.

तो नातू उद्या शिकेल, आणि बंगळूरला नाहीतर जर्मनीत जाईल. तेथे एखाद्या थंड संध्याकाळी त्याच्यापुढे कोणी भारतीय मिसळ म्हणून काहीतरी आणून ठेवील. पहिला घास घेऊन तो ताट जरा दूर सारील आणि म्हणेल, ही खरी नव्हे. खरी मिसळ निगडीला मिळते. निगडीच्या मिसळीचे नाव तोवर कोणी ऐकलेले नसेल. ती बनवणारा मुलगा मूळचा कुठला, हे तर खुद्द नातवालाही ठाऊक नसेल.