वाट पाहण्याची मजुरी

गेल्या पावसाळ्यात मंडळीच्या कामानिमित्त मला पुण्यास जावे लागले. आगगाडी उशिरा पोहोचली. रात्री दहाच्या सुमारास स्टेशनाबाहेर उभे राहून मी मोबाइलवरून मोटार बोलावली, ती दोन मिनिटांत हजर झाली. वानवडीच्या वाटेवर चालकाशी बोलणे निघाले. तो बीडकडचा, वय पंचविशीच्या आतबाहेरचे. बापाने बैलजोडी विकून मोटारीची पहिली रक्कम भरली होती. बाकीचे सारे कर्ज. सकाळी नवापासून तो बाहेर होता आणि माझे भाडे त्या दिवसाचे सातवे. त्याच्या हाती काय पडणार तो आकडा ऐकून मी म्हणालो, "एवढ्यात परवडत नाही, तर घेतोस कशाला?" तो म्हणाला, "साहेब, मी नाही घेतले तर मागचा घेतो."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण त्यात एक मोठा नैतिक प्रश्न आहे, आणि तो केवळ पुण्याचा नाही. एखाद्याने कमी मोल खुशीने पत्करले, म्हणजे ते मोल न्याय्य झाले काय? मागे उभा असलेला दुसरा भुकेला माणूस दाखवून पुढच्याची मजुरी कमी करणे, हा बाजाराचा नियम समजावा की अन्याय?

प्रथम ही गर्दी कशी झाली ते पाहू. ओला ही कंपनी २०१० साली मुंबईत निघाली. अमेरिकेची उबर २०१३ साली भारतात आली. आरंभी चालकांस भाड्याखेरीज वर बक्षिसाची रक्कम मिळत असे. ती कमाई पाहून पुष्कळांनी कर्जे काढून मोटारी घेतल्या. पुढे बक्षिसे आटली, पण हप्ते राहिले. मार्च २०१८ मध्ये ह्या चालकांनी संप केला, त्याचे मूळ हेच. इकडे रिक्षांच्या परवान्यांवरील मर्यादाही राज्य सरकारने २०१७ साली उठविली, आणि पुढील काही वर्षांत पुण्यातील रिक्षांची संख्या दुपटीच्या आसपास गेली. प्रवासी मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत.

आता हे लक्षात घ्यावे की ही गर्दी सर्वांस सारखीच जड नाही. कंपनीला चालकाकडून आपला वाटा मिळतो. मोटार तिची नाही, इंधन तिचे नाही, हप्ता तिचा नाही. म्हणून एका प्रवाशामागे दोन मोटारी उभ्या राहोत की दहा, तिच्या खिशाला तोशीस लागत नाही. उलट मोटारी जितक्या अधिक, तितकी प्रवाशाला लवकर मिळणार आणि तो पुन्हा तिच्याकडेच येणार. माझी मोटार दोन मिनिटांत आली, ह्याचे मला कौतुक वाटले होते. ती तशी आली, कारण तिच्यासारख्या कित्येक मोटारी जवळपास रिकाम्या उभ्या होत्या. माझी सोय त्यांच्या रिकाम्या वेळेतून निघाली होती, आणि त्या वेळेचे मोल मीही दिले नव्हते व कंपनीनेही नाही.

आपल्या गावाकडे ही गोष्ट सहज समजते. रोजाने बोलावलेला मजूर विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणून दोन तास बांधावर बसला, तर त्याचा तेवढा रोज कापणाऱ्या मालकास गाव भला म्हणत नाही. त्याला बोलावले कोणी, हे गाव विचारते.

ह्यावर कोणी म्हणेल, चालक हा मजूर नव्हे. तो स्वतंत्र धंदेवाला आहे. मोबाइल बंद करून घरी जाण्यास तो मोकळा आहे. पण जो भाड्याचा दर ठरवीत नाही, आणि ज्याला हप्त्याची तारीख घरी बसू देत नाही, त्याचे स्वातंत्र्य किती? मोशेच्या नियमशास्त्रात कोणाचे जाते गहाण घेण्यास मनाई आहे, कारण जाते गहाण पडले की माणसाचा जीवच गहाण पडतो. आजच्या चालकाचे जाते म्हणजे त्याची मोटार, आणि ती तर पहिल्या दिवसापासून गहाण असते. अशा माणसाचा होकार हा होकार खरा, पण तो न्यायाचा पुरावा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. संख्या कमी करावी म्हटले, तर बाहेर कोणाला ठेवावे? बीडच्या ह्या तरुणालाच ना? दार लावून घेतले म्हणजे आतले सुखी होतात, आणि बाहेरचे पुन्हा त्याच कोरडवाहू जमिनीकडे पाहत बसतात. शिवाय स्वस्त भाड्यामुळे मध्यरात्री ससून रुग्णालयात जाणाऱ्या गरिबाचीही सोय झाली आहे. हे खरे आहे आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून केवळ दार बंद करणे हे मला पुरेसे उत्तर वाटत नाही. ज्याने आत बोलावले, त्याने बोलावलेल्याच्या रिकाम्या वेळेचा भार उचलावा, हे उत्तर न्यायाच्या अधिक जवळ आहे. तो भार अंगावर पडला, म्हणजे गरजेपेक्षा अधिक माणसे बोलावण्याचा मोह आपोआप आवरेल.

हे अशक्य नाही. न्यूयॉर्क शहराने २०१८ साली अशा नव्या मोटारींच्या परवान्यांस काही काळ आळा घातला. आणि २०१९ पासून चालकांचा किमान मोबदला ठरविताना मोटार किती वेळ रिकामी राहते, हेही हिशेबात धरले. आपल्याकडेही पावले पडली आहेत. पुण्यात १ जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीस पहिल्या दीड किलोमीटरास ३७ रुपये व पुढे दर किलोमीटरास २५ रुपये असा दर ठरला; म्हणजे दहा किलोमीटरांचे सुमारे २५० रुपये झाले. प्रत्यक्षात मोबाइलवरील भाडे ह्याहून पुष्कळ कमी पडते, अशी चालकांची तक्रार राहिली, आणि १ मे २०२५ पासून त्यांच्या संघटनेने सरकारी दरानेच भाडे घेण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी राज्याच्या धोरणाने भाड्याचा किमान ८० टक्के भाग चालकास द्यावा असे ठरविले. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्याप्रमाणे अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीचा १ ते २ टक्के भाग कामगारांच्या निधीत द्यावयाचा आहे. ही पावले चांगली आहेत. तथापि ८० टक्के कशाचे? झालेल्या फेरीचे. न झालेल्या फेरीची वाट पाहण्यात गेलेले तास अजून कोणाच्याही वहीत नाहीत.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळण्याच्या सुमारास घरधनी बाजारात जातो व उभ्या माणसांस विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. तो त्यांस आळशी म्हणत नाही, आणि पुष्कळ जण उभे आहेत म्हणून मजुरीही पाडत नाही. पूर्ण दिवसाची देतो. हा दाखला आपण कृपेचा म्हणून सांगतो, आणि तो तसाच आहे. पण शेवटच्या मजुराच्या घरीही पीठ पूर्ण दिवसाचेच लागते, हे त्या घरधन्याने ओळखले होते, हेही आपण सांगावे.

मंडळीतील उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. तुमच्या गावचा तरुण शेत अगर बैल विकून शहरात मोटार घ्यावयास निघाला, तर त्यास निराश करू नका, पण त्याच्याबरोबर बसून कागदावर हिशेब करा. दिवसाच्या बारा तासांपैकी प्रवासी किती तास मोटारीत असेल? इंधन, हप्ता, विमा व दुरुस्ती वजा जाता उरते काय? जो धंद्यात आहे त्यास विचारा. जो मोटार विकतो त्यास नव्हे. आणि आपण स्वतः शहरात जाऊ तेव्हा चार रुपये वाचले म्हणून आनंद मानण्यापूर्वी ते कोणाचे वाचले, हे पाहावे.

वानवडीस उतरताना मी ठरल्याहून थोडे अधिक दिले. त्याने ते घेतले, आभार मानले, आणि मोटार रस्त्याच्या कडेला लावून पुढच्या भाड्याची वाट पाहत बसला. माझ्या त्या थोड्या पैशांनी प्रश्न सुटला नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. दान हे मजुरीची जागा घेऊ शकत नाही. त्या मुलाला माझी दया नको होती. त्याला त्याचा दिवस हवा होता, उभे राहण्यात गेलेल्या तासांसकट.