दुसऱ्याच्या जिवावर उदार

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रविवारची सकाळ पोहे-जिलबीने सुरू होते आणि वादाने संपते. वादाचा विषय ऋतूप्रमाणे बदलतो. १९ जून २००५ च्या सकाळी तो मोटारींचे टायर हा होता. आदल्या रात्री जागून आम्ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पात्रता फेरी टीव्हीवर पाहिली होती. आम्ही म्हणजे माझा दादा, त्याचा बारा वर्षांचा मुलगा, शेजारचा मित्र आणि मी. मित्राच्या घरी हिंदी बोलतात. पण वीस वर्षे आमच्या ओसरीवर बसून तो मराठीत चिडायला शिकला आहे.

टोयोटाचा यार्नो त्रुली पहिला आला होता. "त्यानं पेट्रोल कमी भरलंय, बघ. गाडी हलकी ठेवून शनिवार मारला, रविवारी बोंब," असे दादाचे निदान. रायकोनेन दुसरा, मायकेल शूमाकर पाचवा. आपला नारायण कार्तिकेयन शेवटच्या चौघांत. त्या वर्षी नियम असा होता की पात्रता फेरी आणि शर्यत दोन्ही एकाच टायरसंचावर करायची. टायर फुटला किंवा खराब झाला तरच बदलता येई. त्यामुळे सारी चर्चा टायर कोण किती जपणार याची. आमच्यापैकी एकानेही आयुष्यात स्कूटरपलीकडे कशाचा टायर बदललेला नव्हता, पण मिशेलिनचे रबर मऊ की ब्रिजस्टोनचे, यावर मित्राने दुसरी जिलबी बाजूला ठेवली, यावरून चर्चेचे गांभीर्य समजावे.

एक गोष्ट आम्हांला माहीत होती आणि तरी आम्ही तिच्याकडे 'डाव' म्हणूनच पाहत होतो. शुक्रवारी सरावात राल्फ शूमाकरचा डावा मागचा टायर तेराव्या वळणावर निकामी झाला होता आणि गाडी भिंतीवर आदळली होती. ते वळण उताराचे बांधलेले. तिथे गाड्या पूर्ण वेगात जातात आणि सारा भार बाहेरच्या चाकावर येतो. "म्हणजे मिशेलिनवाल्यांना जपून चालवावं लागणार. फायदा फेरारीचा," असा हिशेब आम्ही मांडला. भिंतीवर आदळलेला माणूस त्या हिशेबात एका ओळीपुरताच होता.

रात्री जे घडले ते मोटारशर्यतींच्या चाहत्यांना ठाऊकच आहे. सुरुवातीची एक फेरी वीसही गाड्यांनी मारली आणि मग मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा गाड्या एकामागून एक आत वळल्या. मैदानात उरल्या सहा : दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. स्टँडमधून शिट्या, आरडाओरडा, बाटल्या. आमच्या ओसरीवर बाटल्या नव्हत्या म्हणून; एरवी फरक नव्हता. "पैसे घेऊन पळाले!" मित्र ओरडला. आणि पुतण्या उभा राहून म्हणाला, "डरपोक!"

घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा असलेल्या गावांत माणूस शिवी कोणत्या भाषेत देतो हे पाहण्यासारखे असते. पोर 'भित्रा' म्हणाले नाही. 'भित्रा' हा स्वभाव आहे, त्याला घरात जागा असते. अंधाराला भिणारी मावशी भित्रीच असते. 'डरपोक' हा चारचौघांत दिलेला निकाल आहे. 'माघार' या शब्दाला तर आपल्याकडे अप्रतिष्ठाही चिकटलेली नाही. माघार घेऊन पुन्हा उभे राहणाऱ्यांचाच इतिहास आपण मुलांना शिकवतो. तो त्या रात्री कुणाला आठवला नाही.

त्र्याहत्तर फेऱ्यांनंतर शूमाकर पहिला, बारिकेल्लो दुसरा, जॉर्डनचा तियागो मोंतेरो तिसरा आणि नारायण चौथा. भारतीयाला पहिल्यांदाच पाच गुण. आम्ही नाचलो. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच रिकाम्या जागेवर आम्ही नाचत होतो, हे लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी.

हे चौथेपण खरे की खोटे, यावर आमच्याकडे पुढे महिनाभर वाद चालला. मित्र म्हणे, "ये तो खैरात है." दादा म्हणे, रेघ ओलांडली तो मोजला जातो, बाकी कारणे सांगत बसावीत. मला तो प्रश्न फारसा अवघड वाटला नाही, आजही वाटत नाही. नारायणने कुणाला अडवले नव्हते, कुणाला बाहेर घालवले नव्हते. मिनार्डीच्या दोघांना त्याने मागे टाकले, सहकाऱ्याच्या मागे राहिला. तेवढीच त्याची किंमत आणि तेवढी ती आहेच. मोंतेरो बक्षीस समारंभात एकटाच मनापासून हसत होता. त्याच्या हसण्यात मला काही गैर दिसले नाही. पुढे कार्तिकेयनला एकही गुण मिळाला नाही. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाला शर्यत झाली तरी दुसऱ्या कुणा भारतीयालाही मिळालेला नाही. ते पाच गुण अजून एकटेच आहेत.

अवघड प्रश्न चौदा जणांचा. टायर बनवणाऱ्यांनी लेखी कळवले होते की त्या वळणावर वेग कमी केल्याखेरीज हे टायर पूर्ण शर्यत टिकतील याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. वळणाआधी वेग तोडणारा अडथळा घालावा अशी मागणी झाली. नियामक संस्थेने नकार दिला, आणि तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते : ज्यांनी योग्य टायर आणले त्यांच्यावर हा अन्याय, तुम्ही चुकीचे टायर आणलेत तर वळणावर हळू जा. परीक्षेला पेन विसरलेल्यासाठी वेळापत्रक बदलत नाहीत, तसेच. मला ते पटते. पण मग जो चुकला त्याने काय करावे? शर्यतीत स्वतःहून प्रत्येक फेरीला हळू जाणे हे कागदावर सोपे आहे. शेजारून दुसरा सुसाट जात असताना पाय उचलून धरण्याची अपेक्षा ज्या माणसाकडून करायची, त्याची निवडच मुळी पाय न उचलण्यासाठी झालेली असते. तेव्हा नियम मोडायचा नाही आणि माणूसही मोडायचा नाही, तर उरते काय? आपले नुकसान आपण सोसून बाहेर पडणे. त्यांनी तेच केले. मिशेलिनने पुढे प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे परत केले, शिवाय २००६ च्या शर्यतीची वीस हजार तिकिटे घेऊन वाटली. चूक ज्याची त्यानेच भरपाई करावी, हे आपल्याकडे तरी मी फार वेळा पाहिलेले नाही.

आणि तरी राग. तो कशाचा, हे शोधताना मला त्याच्या तीन आठवडे आधीची, २९ मेची न्युरबुर्गरिंगची शर्यत आठवते. रायकोनेन आघाडीवर होता, ब्रेक लावताना त्याचा एक टायर घासून चपटा झाला आणि चाक भयंकर थरथरू लागले. तो थांबू शकत होता. संघाने थांबवले नाही, तोही थांबला नाही. शेवटच्या फेरीच्या सुरुवातीलाच चाकाची जोडणी तुटली आणि जेन्सन बटनच्या गाडीला थोडक्यात चुकवून तो बाहेर फेकला गेला. अलोन्सो जिंकला. त्या दिवशी आमच्या ओसरीवर एकच वाक्य होते : "काय जिगर आहे!" बटनच्या गाडीतल्या माणसाला त्या जिगरीचा वाटा का म्हणून मिळावा, हे कुणी विचारले नाही. जिवावर उदार होणे ही मोठी गोष्ट आहे, त्यात संशय नाही. पण सोफ्यावर बसून आम्ही उदार होत होतो ते दुसऱ्याच्या जिवावर.

इंदूरकरांना हे नवे नाही. २५ डिसेंबर १९९७ ला नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना तीन षटकांत थांबला. खेळपट्टीवर चेंडू कधी अंगावर येई, कधी सरपटत जाई. पंच आणि कर्णधार बोलले, सामना रद्द झाला आणि लोकांच्या समाधानासाठी पंचवीस षटकांचा प्रदर्शनीय सामना खेळवला गेला. दादा तिथे होता. 'तीन षटकांत गाशा गुंडाळला' ही त्याची तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की वहिनी ती त्याच्याआधी पूर्ण करते. चेंडू त्याच्या कपाळाकडे येत नव्हता हे मी एकदा म्हणालो, तर तो म्हणाला, "तिकीट माझ्या खिशातून गेलं होतं ना!" हे उत्तर अप्रामाणिक नाही. तिकीट काढणाऱ्याला वाटते की आपण खेळ विकत घेतला, आणि खेळात धोका आहे म्हणजे धोकाही विकत घेतला.

त्या रात्री 'डरपोक' म्हणणारा पुतण्या आता तिशी ओलांडून गेला आहे. पिथमपूरच्या एका कारखान्यात तो तपासणी खात्यात आहे. चाकांच्या रिम तिथे तयार होतात. गेल्या वर्षी महिनाअखेरीला एका खेपेतल्या काही रिमच्या जोडावर त्याला बारीक तडे दिसले. माल त्याच संध्याकाळी जायचा होता. त्याने सही केली नाही. आठवड्याने त्याची भांडारात बदली झाली. पगार तोच, पण पुढची बढती गेली हे सगळ्यांना समजले.

रात्री जेवताना दादा फार बोलला. सगळ्याच खेपेत थोडेच तडे होते, बाकीचे लोक सह्या करत नव्हते का, घराचे हप्ते कोण भरणार. वहिनी पोळ्या वाढत राहिली. पुतण्याने भाताचे दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "बाबा, मी माल थांबवा असं लिहिलंच नाही. खात्री देऊ शकत नाही, एवढंच लिहून दिलं."

मी दादाकडे पाहिले. त्याने ते वाक्य ओळखले की नाही, कळले नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग त्या रिम गेल्या?"

"गेल्या असतील. सही दुसऱ्याची घेतली."

यानंतर दादाने विषय काढला नाही. मात्र गाडीतून महूकडे निघालो की राऊ ओलांडल्यावर तो पुढे वाकतो आणि पुतण्याला सांगतो, पुढच्या ट्रकला जरा लांब जाऊ दे.